धडुत्याचा चौथा अर्थ

कागद परत आला तेव्हा थोरली चहा पीत होती. शब्दकोशाच्या कचेरीत कागद परत येणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. आठवड्याला चार-दोन येतातच, कुठे उदाहरण लंगडं असतं, कुठे अर्थ दुसऱ्या अर्थाच्या पायात पाय घालत असतो. या कागदावर मात्र सगळं ठीक होतं. शब्द ‘धडुतं’. पहिला अर्थ, अंगावर घालायचं वस्त्र. दुसरा, वापरून विरलेलं जुनं कापड. तिसरा, तान्ह्या बाळाला गुंडाळायचं मऊ फडकं. या तिन्हींपुढे मुख्य संपादकांची बारीक खूण होती, म्हणजे ते पास. चौथा अर्थ तिनं स्वतःच्या अक्षरात, जरा जास्तच जपून लिहिला होता: ‘बाहेर जाताना माणूस मागे राहणाऱ्यापाशी ठेवून जातं ते आपलं अंगावरचं, न धुतलेलं कापड.’ त्याच्यापुढे शिसपेन्सिलीनं दोनच शब्द होते, ‘साक्ष एकच.’ थोरलीनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि अर्धा चहा तसाच बाजूला सारला. तिचं तिलाच नवल वाटलं. तीस वर्षं या खुर्चीत काढली, हजारो अर्थ डोळ्यांदेखत पडले, आणि आज एवढासा शेरा इतका लागावा, हे काय खूळ?

मुख्य संपादकांना कचेरीत सगळे मागून ‘कात्री’ म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. अर्थ कापताना त्याला स्वतःलाही दुखतं असं थोरलीला वाटायचं, पण कापायचा मात्र नेमका. नियम त्यानंच घातलेले. पुस्तकात न सापडणारा, नुसता तोंडी चालणारा अर्थ घ्यायचा तर दोन साक्षी हव्यात, त्या दोन घरांतल्या हव्यात, आणि विचारणाऱ्यानं तो शब्द साक्षीदाराच्या तोंडात घालायचा नाही. त्यानं आपण होऊन उच्चारला पाहिजे. शब्द सुचवून वदवून घेतलेली साक्ष केराच्या टोपलीत. कागद घेऊन ती त्याच्या टेबलापाशी गेली तेव्हा त्यानं चष्म्यावरून पाहिलं. “बाई, अर्थ सुरेख आहे हो. पण हे कोण म्हणतं?” “आमच्या घरात म्हणतात,” ती म्हणाली. “म्हणतात?” घरात कोण होतं? तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक पलंग, एक कपबशी. त्या खोलीत कोण कुणाला म्हणणार? “आणखी कुणी आहे का जाणणारं?” कात्रीनं हळू विचारलं. “बहीण आहे. धाकटी.” “बहीण चालेल की. पण घर वेगळं हवं. एका घराच्या दोन साक्षी आपण एकच धरतो.” “वेगळंच आहे,” थोरली फटकन म्हणाली, “कधीचं वेगळं आहे.” आणि कुणीतरी सगळ्यांदेखत कान उपटावा तशी तिची मान खाली गेली. “मग सोमवारपर्यंत आणा. सोमवारी हा भाग छापायला जातो. नाही आली साक्ष तर तीन अर्थांवर भागवू.”

त्या शब्दावरून कचेरीत आधीच बरीच हाणामारी झालेली होती. एका पक्षाचं म्हणणं, ‘धड’ म्हणजे शाबूत, तेव्हा धडुतं म्हणजे न फाटलेलं, अख्खं वस्त्र. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, छे, ‘धड’ म्हणजे मानेखालचं शरीर, त्याला झाकतं ते धडुतं. दोन्ही पक्ष तावातावानं बोलले, दोघांनीही एकमेकांची अक्कल काढली, शेवटी कात्रीनं ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असं लिहून दोघांची तोंडं बंद केली. पण मग अख्खं वस्त्र म्हणून जन्मलेला शब्द फडक्यावर कसा येऊन पडला, हा प्रश्न राहिलाच. पक्षवाले म्हणाले, शब्दाची घसरण झाली. थोरली तेव्हा काही बोलली नव्हती. ती घसरण नव्हतीच तिच्या मते. कपडा आधी आईच्या अंगावर असतो, विरला की थोरलीचा होतो, आणखी विरला की धाकटीचा, आणि अगदी मऊ झाला की एखाद्या बाळाला गुंडाळायला जातो. शब्दही त्याच कापडाबरोबर घरभर फिरला असेल, एवढंच. त्याला उगीच पडझड म्हणायचं कशाला? पण हे असलं कोशात लिहिता येत नाही, म्हणून तिनं ते मनातच ठेवलं होतं. मनात ठेवलेलं असं बरंच काही साठलं होतं हल्ली, आणि ते काढून दाखवायला समोर माणूस नव्हतं.

संध्याकाळी ती घरी निघाली ती तोच विचार घेऊन. रस्त्यावर माणसं माणसांना चुकवून चालली होती. दुकानांचे दिवे लागत होते. तिला एकाएकी वाटलं, या सगळ्या गर्दीत मी कुणालाही थांबवून म्हटलं की माझं धडुतं ठेवलंय, तर एकालाही कळायचं नाही. लोक म्हणतील, बाईंचं डोकं फिरलं. असले विचार तिला एरवी येत नसत. एकटं राहायची सवय झाली की माणूस त्याचं फारसं कौतुकही करत नाही आणि तक्रारही करत नाही. पण आज ते आतून ढवळून आलं, आणि तिला सरळ सरळ एकटं वाटलं, लहान मुलाला वाटतं तसं. जिन्यात शेजारीण भेटली, निवृत्त परिचारिका, नातवंडांची हौस असलेली. थोरलीनं धंद्याची युक्ती करून पाहिली. “काय हो, तुम्ही कामाला जायचा तेव्हा लहान मुलांजवळ काय ठेवून जायचा?” “सासूला,” शेजारीण म्हणाली. “आणि सून काय ठेवते आता?” “मोबाइल.” दोघी हसल्या. शेजारणीनं दार लावून घेतलं, आतून नातवाचा आरडाओरडा ऐकू आला, आणि थोरली आपल्या कुलपात किल्ली फिरवत राहिली, ती नेहमीसारखी पटकन फिरेना.

खोलीत दिवा न लावताच ती पलंगावर बसली आणि मग जे यायचं ते आलंच. दोन खोल्यांचं घर. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. पहाटे अंधारात निघायची, कारण वाफेची यंत्रं उजाडायच्या आत तापवायची असत. रोग्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे, सगळ्या इस्पितळाची घाण तिच्या हातांखालून जाई आणि पांढरी होऊन बाहेर पडे. हात नेहमी सुरकुतलेले, बोटांच्या पेरांना औषधी पाण्याचा उग्र वास. पण घरात ती एका जुन्या सुती चादरीचा अर्धा तुकडा खांद्यावरून घेऊन वावरायची. मूळचा निळा, मग कसलाच नाही. त्याला तिचा स्वतःचा वास होता, कामाचा नव्हे. निघताना ती तो तुकडा काढायची आणि अंथरुणात दोघींच्या मध्ये ठेवायची. “धडुतं ठेवलंय गं,” एवढंच म्हणायची. येते म्हणायची नाही, लवकर येईन म्हणायची नाही, घाबरू नका तर कधीच नाही. धाकटी झोपेतच हात लांब करून ते ओढायची, थोरली आपल्याकडे ओढायची, आणि त्या ओढाताणीत दोघी पुन्हा झोपी जायच्या. कडी लावल्याचा आवाज त्यांना क्वचितच ऐकू येई. कुणी म्हणेल, मुलांना एकटं टाकून जाणारी बाई. म्हणू देत. त्या घरात भीती म्हणून नव्हती, कारण आई तिथे अर्धी असायचीच.

ते धुवायचं नाही, हा कायदा होता. एकदा थोरलीनं शहाणपणा करून ते साबणात घातलं, आईला मदत म्हणून. आई आल्यावर रागावली नाही, पण तिचा चेहरा उतरला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटीनं रडून रडून गल्ली जागी केली. ते धुवायचा हक्क फक्त आईचा, तोही आठवड्याच्या सुट्टीला. त्या दिवशी उठल्याबरोबर ती आधी धडुतं धुवायची, बाकी सगळं नंतर. खिडकीबाहेरच्या दोरीवर ते फडफडताना दिसलं की दोघी अंथरुणातच नाचायच्या. आज आई कुठे जाणार नाही, दिवसभर घरात, कान धरायला आणि वेणी घालायलासुद्धा. अख्ख्या बालपणात दोरीवरच्या त्या ओल्या तुकड्याइतकी आनंदाची गोष्ट तिनं पाहिली नव्हती. आणि गंमत अशी की हे सगळं तिला इतकं लख्ख आठवत असूनही शेवटच्या वेळी, ज्या वेळी आठवायला हवं होतं त्या वेळी, त्यातलं नेमकं हेच आठवलं नाही.

शेवटच्या वेळी ती पोचली तेव्हा आई गेलेली होती. निरोप उशिरा मिळाला, गाडी उशिरा मिळाली, हे सगळं खरं. त्यात कुणाचा दोष नव्हता. रस्ताभर ती एकच गोष्ट मनात धरून होती, की आई नसेल तर नसेल, धडुतं असेल. आपण जाऊ, त्यात तोंड खुपसू, आणि मग जे रडायचं ते रडू. ती जिना चढली, दारात उभी राहिली, आणि समोरच्या खिडकीतून तिला ते दिसलं. दोरीवर. धुतलेलं, पिळलेलं, दोन चिमटे लावून वाळत घातलेलं. धाकटी पुढे आली, तिचे डोळे सुजले होते, तिनं हात पसरले होते. थोरली म्हणाली, “तू आईला धुऊन टाकलंस.” एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाली तो तिला अजून कानात ऐकू येई. धाकटीचे हात खाली गेले. त्यानंतर जे बोलणं झालं ते दोघींचंही तोंड सुटल्याचं होतं. आईच्या आजारपणात कोण होतं, कोण कागदांत डोकं घालून बसलं होतं, सगळं निघालं, आणि अखेरीस धाकटी म्हणाली, “मग आजपासून तुझं घर वेगळं, माझं वेगळं.” थोरलीनं चपला घातल्या. आईचं घर धाकटीकडे राहिलं, थोरलीकडे ते वाक्य राहिलं. नऊ वर्षं तिनं ते अगदी जपून वापरलं. कुणी विचारलं की सांगायचं, बहीण आहे, पण घर वेगळं.

शनिवार तिनं फोनकडे बघण्यात घालवला. खोली दोनदा झाडली. स्वतःला बजावलं की हे काम आहे, निव्वळ काम, साक्ष घ्यायची आणि फोन ठेवायचा. रविवारी दुपारी, जेवून उठल्यावर, लोक जरा सैल असतात अशा वेळी, तिनं कोरा कागद पुढे ओढला, शिसपेन्सिलीला टोक केलं आणि नंबर लावला. तो पाठ होता. धाकटी दातांच्या दवाखान्यात काम करायची, दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगायची. आज तिचं तोंड उघडायचं होतं, आणि तेही तो शब्द स्वतः न उच्चारता.

“हॅलो, कोण?”

“मी.”

“मी कोण? मी म्हणणाऱ्यांचे फार फोन येतात मला.” पण आवाज मध्येच बदलला. “ताई?”

“हो.”

“काय झालं? पडलीबिडलीस का? कुठल्या इस्पितळात आहेस?”

“अगं, बरी आहे मी. सहज केला.”

“नऊ वर्षांनी सहज,” धाकटी म्हणाली. मागे कपडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं, ते तिनं बंद केलेलं ऐकू आलं. “बोल.”

थोरलीनं कागद सरळ केला. “आई पहाटे कामाला जायची, ते दिवस आठवतात का गं तुला?”

“आठवतात ना. तू माझ्या वाटचं दूध प्यायचीस.”

“ते सोड. जाताना ती आपल्याजवळ काय ठेवायची?”

“किल्ली.”

“आणखी?”

“धाक.” धाकटी हसली, आणि हसताना थेट आईसारखी हसली, नाकातून. थोरलीच्या हातातली पेन्सिल कागदावर टेकून राहिली होती. पुढचा प्रश्न तयार होता, नेहमीचा, वळसा घालून गळ टाकायचा. तेवढ्यात धाकटी म्हणाली, “लिहून घेतेयस ना? मला वाटलंच. तुझा आवाज ऐकूनच कळलं. कामासाठी फोन केलास तू.”

नाही म्हणता आलं असतं. पण नऊ वर्षांनंतरचं पहिलं संभाषण खोट्यावर उभं करायला तिचं मन धजेना. “हो,” ती म्हणाली, “कामासाठीच. काम नसतं तर हिंमत झाली नसती.”

पलीकडे काहीतरी खट्‌कन वाजलं. थोरलीला वाटलं, ठेवला बहुतेक. गेली साक्ष, गेला अर्थ, आणि हीसुद्धा गेली, आता कायमची. तिनं पेन्सिल खाली ठेवली. ती घरंगळत टेबलाखाली गेली, तरी थोरली उचलायला वाकली नाही.

“तू त्या दिवशी मला काय म्हणालीस ते आठवतं तुला?” धाकटीचा आवाज आला.

“आठवतं.”

“मी आपल्या मनानं धुतलं नव्हतं ते धडुतं.”

शब्द आला होता. आपण होऊन, धडधडीत, कुणी तोंडात न घालता. तीस वर्षांच्या सवयीनं थोरलीच्या बोटांनी पेन्सिल शोधली, पण टेबलावर पेन्सिल नव्हती आणि धाकटी बोलतच होती. “तिनं सांगितलं होतं मला. शेवटच्या दिवशी, दुपारी. म्हणाली, धाकटे, ते धडुतं धुऊन टाक. म्हटलं, आत्ता कशाला? राहू दे की तुझ्याजवळ. तर म्हणाली, धू गं, मला आता कुठं जायचं नाहीये. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बरी होतेय. सुट्टीच्या दिवशी म्हणायची ना, तसंच म्हणाली अगदी. मी वेडी धावत जाऊन धुतलं. तिला पलंगावरून दिसेल असं खिडकीतल्या दोरीवर घातलं. ती बघत होती. ते वाळायच्या आत गेली.”

थोरली भिंतीला टेकून बसली. दोरी तिच्या डोळ्यांपुढे होती, दोन चिमटे होते, आणि तिला आता पहिल्यांदा दिसत होतं की दारात उभी राहून आपण काय पाहिलं होतं. आई घरीच आहे, एवढंच ते सांगत होतं. लहानपणी तिला हे न सांगता कळत होतं. “मग सांगितलं का नाहीस मला?” ती कशीबशी म्हणाली.

“विचारलंस का तू? दारातच निकाल दिलास आणि चपला घातल्यास.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच,” धाकटी म्हणाली, आणि मग तिचा स्वर एकदम फुटला. “माझंही काय गं? मीसुद्धा ताठूनच बसले. कपाटात ठेवलंय मी ते. साबणाचा वास येतो नुसता, दुसरं काही नाही. तरी काढून बघते अधूनमधून. एकटीला बघवत नाही, ताई. ये ना एकदा.”

“येऊ?”

“विचारतेस काय परक्यासारखं? घर काय दुसरं आहे का? तेच आहे. कुलूपसुद्धा तेच. फक्त जिना चढताना जपून, कठडा हलतो.”

फोन ठेवल्यावर थोरली खूप रडली. मग उठली, तोंड धुतलं, टेबलाखालची पेन्सिल काढली आणि कागदावर लिहायला बसली. वाक्य तिनं जसंच्या तसं उतरवलं. साक्षीदाराचं नातं लिहिलं. मग ‘घर’ या रकान्यापाशी तिचा हात थांबला. तिथे ‘वेगळं’ लिहिलं की काम झालं. आईचा अर्थ छापला जाईल, जाड कापडी बांधणीत, कधी न पुसला जाणारा. तिच्यानंतर आणि धाकटीनंतरही, कुणीतरी अनोळखी माणूस पान उलगडेल आणि त्याला कळेल की अशी एक रीत होती. तिला ते मनापासून हवं होतं. शुक्रवारपासून तिला दुसरं काही हवंच नव्हतं. बाहेर मुलं खेळत होती, शेजारीण नातवाला ओरडत होती. ती खूप वेळ त्या रिकाम्या रकान्याकडे बघत बसली, मग लिहून टाकलं आणि कागद पिशवीत घातला.

सोमवारी कात्रीनं कागद वाचला आणि चष्मा काढला. “बाई, वाक्य काय आणलंत! ‘ते धडुतं धुऊन टाक, मला आता कुठं जायचं नाहीये.’ असं वाक्य वर्षाकाठी एखादं येतं हो.” मग त्याची नजर खाली गेली. “हे घराचं काय लिहिलंय? तेच?”

“हो. तेच.”

“शुक्रवारी तर तुम्ही म्हणालात, वेगळं आहे.”

“शुक्रवारी होतं.”

कात्री गोंधळला. त्यानं दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “अहो, मग साक्ष एकच धरावी लागेल मला. अर्थ पडतो. कळतंय ना तुम्हाला? एक शब्द बदला फक्त. मी काही तुमच्या घरी चौकशीला येणार नाही.” इतक्या वर्षांत त्यानं स्वतःचा नियम असा कुणासाठी वाकवल्याचं तिला माहीत नव्हतं, आणि त्याचं तिला बरंही वाटलं. पण ती मान हलवून नको म्हणाली. त्याच्या पेल्यातली लाल पेन्सिल उचलून तिनं चौथ्या अर्थावर स्वतःच रेघ मारली, सरळ, पट्टी न लावता. वाईट वाटलंच. आईचं एवढंच राहिलं होतं कागदावर, आणि तेही आपल्याच हातानं. डोळे भरून आले, ते तिनं लपवले नाहीत.

“आज लवकर निघते,” ती म्हणाली. “बहिणीकडे जायचंय.”

“जा, जा,” कात्री म्हणाला आणि उगीचच उठून उभा राहिला.

तिनं पिशवी घेतली, टेबलावरचे कागद सारखे केले आणि निघाली. ती जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचली असेल नसेल, वरून हाक आली. कात्री कठड्यावरून वाकला होता आणि त्याच्या हातात तिची राखाडी शाल होती, खुर्चीच्या पाठीवरची, रोज अंगावर घेऊन बसायची ती.

“अहो बाई, शाल राहिली तुमची!”

“राहिली नाही,” थोरली खालून म्हणाली, “ठेवलीय.”